पाण्यातले प्रदूषक धरून ठेवणारे पदार्थ : अधिशोषकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्यातून आर्सेनिक, फ्लोराइड, कीटकनाशकं, रंग किंवा वास काढायचा म्हटलं की अधिशोषकाचा विषय निघतोच. विद्यार्थी, पाणीपुरवठ्यात काम करणारे लोक आणि घरातल्या फिल्टरबद्दल शंका असलेले वाचक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. वाचताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी: अधिशोषक प्रदूषकाला संपवत नाही, पाण्यातून उचलून स्वतःवर घेतो. पुढची बरीच उत्तरं यातूनच निघतात.

अधिशोषण म्हणजे नेमकं काय होतं?

पाण्यात विरघळलेला पदार्थ एखाद्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर येऊन टिकतो, ते अधिशोषण. टिकवून धरणारा घन तो अधिशोषक. शोषणात एक पदार्थ दुसऱ्याच्या आत सगळीकडे मुरतो. इथे सगळा व्यवहार पृष्ठभागावर चालतो. त्यामुळे पृष्ठभाग जितका मोठा तितकी जागा जास्त, आणि तो वाढवायचा मार्ग म्हणजे घनाच्या पोटात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार करणं. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅममध्ये १,००० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. चिमूटभर काळ्या भुकटीत जवळजवळ दहा गुंठे जमीन मावली असं समजा.

गाळणं ही वेगळी क्रिया आहे. वाळूचा थर गढूळपणा अडवतो, कारण मातीचे कण आकाराने मोठे असतात. विरघळलेलं आर्सेनिक त्याच वाळूतून सरळ निघून जातं. कोळसा द्रावणातला रंग काढतो हे टोबियास लोविट्झ यांनी १७८५ मध्ये नोंदवलं. घनाच्या पृष्ठभागावर रेणूंचा एकच थर बसतो असं धरून आर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये त्याचं गणित मांडलं, आणि पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रातल्या कामासाठी १९३२ चं नोबेल त्यांना मिळालं. आजही प्रयोगशाळेत पहिला आलेख बहुधा त्यांच्याच समीकरणाचा निघतो.

प्रदूषक पृष्ठभागाला चिकटतो तो कशाच्या जोरावर?

ढोबळमानाने तीन प्रकारच्या ओढीने. पहिली कमकुवत भौतिक ओढ: पाण्यात रमत नसलेले सेंद्रिय रेणू कार्बनच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. दुसरी विद्युतभाराची: धनभारित आयन ऋणभारित पृष्ठभागाकडे खेचले जातात, आणि बऱ्याचदा तिथे आधी बसलेल्या आयनाला उठवून त्याची जागा घेतात. तिसरी खऱ्या रासायनिक बंधाची, जशी लोहाच्या ऑक्साइडवर आर्सेनेट (आर्सेनिकचं पाण्यातलं एक ऋणभारित रूप) बसताना दिसते.

हा भेद पुस्तकी नाही. भौतिक ओढीने बसलेला रेणू परिस्थिती बदलली की पुन्हा पाण्यात उतरतो. रासायनिक बंधाने बसलेला सहजी हलत नाही, पण मग तो पदार्थ धुऊन पुन्हा वापरणंही कठीण जातं.

ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे शेवटी कोळसाच ना?

कोळशापासूनच सुरुवात होते, पण तिथे थांबत नाही. करवंटी, लाकूड किंवा खाणीतला दगडी कोळसा हवेशिवाय तापवून त्याचा कोळसा करतात आणि मग साधारण ८०० ते १,००० अंश सेल्सिअसला त्यावर वाफ सोडतात. वाफ कार्बनचा काही भाग वायूच्या रूपात घेऊन जाते आणि मागे छिद्रांचं जाळं राहतं. दुसऱ्या पद्धतीत फॉस्फोरिक आम्लासारखं रसायन वापरून कमी तापमानाला हेच साधतात.

कच्चा माल कोणता, यावर छिद्रांचा आकार ठरतो. करवंटीच्या कार्बनमध्ये २ नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रं भरपूर असतात, म्हणून लहान रेणूंसाठी तो उत्तम. लाकडाच्या कार्बनमध्ये मोठी छिद्रं जास्त, म्हणून रंगांच्या मोठ्या रेणूंना तो बरा पडतो. पिशवीवर छापलेला आयोडीन अंक (एक ग्रॅम कार्बन किती आयोडीन धरतो तो आकडा) प्रामुख्याने लहान छिद्रांची कल्पना देतो. अंक मोठा आहे म्हणून तो कार्बन मोठ्या रेणूंसाठीही चांगला असेल, असं होत नाही.

कार्बन कशासाठी चांगला आणि कशासाठी निरुपयोगी?

कीटकनाशकं, विद्रावकं, अनेक औषधांचे अंश, रंग, तसंच शैवालामुळे पाण्याला येणारा मातकट वास, ही त्याची हक्काची कामं. मातकट वास देणारं जिओस्मिन लिटरमागे १० नॅनोग्रॅमच्या आसपास असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं, आणि इतक्या थोड्या प्रमाणातही कार्बन ते धरतो. क्लोरीनही तो काढतो, पण तिथे मुख्यतः रासायनिक क्रिया होते: क्लोरीनचं क्लोराइड बनतं.

नायट्रेट, पाण्याचा जडपणा आणि विरघळलेलं मीठ यांच्यासमोर साधा कार्बन जवळजवळ काहीच करत नाही. फ्लोराइडबाबतही त्याच्यावर विसंबू नये. लहान आणि पाण्यात छान विरघळणारे सेंद्रिय रेणू, उदाहरणार्थ १,४-डायऑक्झेन, त्याच्या हातून लवकर निसटतात. "कार्बन फिल्टर आहे, आता चिंता नाही" हे वाक्य पाण्यात काय आहे ते माहीत नसताना बोलूच नये, असं माझं ठाम मत आहे.

फ्लोराइडसाठी काय वापरतात?

मुख्यतः ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सच्छिद्र दाणे) आणि हाडांचा कोळसा. जागतिक आरोग्य संघटनेची फ्लोराइडची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. ॲल्युमिना सामू (पीएच; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) ५.५ ते ६ च्या दरम्यान सर्वांत चांगलं काम करतं. भूजल मात्र बहुतेक वेळा ७ च्या वर असतं आणि त्यात बायकार्बोनेटही भरपूर असतात. म्हणून प्रयोगशाळेत छान चाललेलं ॲल्युमिना विहिरीवर बसवल्यावर अपेक्षेपेक्षा लवकर थकतं. थकलेलं ॲल्युमिना कॉस्टिक सोड्याने धुऊन, मग आम्लाने उदासीन करून पुन्हा वापरता येतं. मात्र धुतलेल्या पाण्यात सगळं फ्लोराइड एकवटलेलं असतं, ते कुठे सोडणार हे आधी ठरवावं लागतं.

हाडांच्या कोळशात हायड्रॉक्सिॲपेटाइट हे खनिज असतं आणि फ्लोराइड त्यात हायड्रॉक्सिलची जागा घेतो. हाडं फार जास्त तापवली तर क्षमता घटते, कमी तापवली तर पाण्याला रंग आणि वास येतो. काही समाजांना हाडांपासूनचा पदार्थ पाण्यासाठी मान्य नसतो. हा प्रश्न तांत्रिक नाही म्हणून बाजूला सारू नये, कारण लोक वापरणार नसतील तर ती गाळणी कितीही चांगली असून उपयोग नाही.

तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड खाली बसवण्याचं नालगोंडा तंत्र नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलं. तिथेही ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे ताजे पुंजके फ्लोराइड धरतात, फक्त भरलेल्या गाळणीऐवजी ते पाण्यातच तयार होतात.

आर्सेनिकच्या बाबतीत एवढी काळजी का घ्यावी लागते?

कारण त्याला ना रंग, ना वास, ना चव. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, आणि बांगलादेशात व गंगेच्या खोऱ्यात अनेक कूपनलिकांचं पाणी याच्या कितीतरी वर जातं. तिथे लोकांना जंतूंच्या पाण्यापासून वाचवण्यासाठीच कूपनलिका खोदल्या गेल्या होत्या. वरून निर्मळ दिसणाऱ्या पाण्याने त्वचेचे आणि कर्करोगासारखे आजार दिले, हे समजायला वर्षं गेली.

आर्सेनिकला लोह आवडतं. लोहाचे हायड्रॉक्साइड आणि ऑक्साइड त्याला रासायनिक बंधाने धरतात, म्हणून दाणेदार फेरिक हायड्रॉक्साइड हा या कामाचा मुख्य पदार्थ बनला. जॉर्ज मेसन विद्यापीठातले अबुल हुसाम यांनी बांगलादेशासाठी घडवलेल्या सोनो फिल्टरमध्ये लोहाचाच एक मिश्र थर आहे, आणि त्याला २००७ मध्ये ग्रेंजर पुरस्कार मिळाला. आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांच्या गटाने लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे नॅनो आकाराचे कण कायटोसानच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या) जाळ्यात बसवून 'अमृत' नावाचं तंत्र उभं केलं.

अडचण अशी की जमिनीखाली जिथे प्राणवायू नसतो तिथे आर्सेनिक बरंचसं त्रिसंयुजी रूपात असतं. नेहमीच्या सामूला त्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे बहुतेक माध्यमं (गाळणीत भरलेले अधिशोषक) त्याला नीट धरत नाहीत. आधी क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेटने त्याला पंचसंयुजी, म्हणजे ऋणभारित आर्सेनेट, करावं लागतं. नुसती हवा मारून हे काम फार हळू होतं. दुसरी अडचण फॉस्फेटची. फॉस्फेट आणि आर्सेनेट यांची घडण इतकी सारखी आहे की लोहाच्या पृष्ठभागावर दोघं एकाच जागेसाठी भांडतात. पाण्यात फॉस्फेट आणि सिलिका जास्त असेल तर गाळणीचं आयुष्य कमी होतं. म्हणून नुसतं आर्सेनिक मोजून माध्यम निवडू नये.

शिसं, कॅडमियम, तांबं यांसारख्या धातूंचं काय?

हे धातू पाण्यात बहुधा धनभारित आयनांच्या रूपात असतात. आयन-विनिमय रेझिन (स्वतःवरचा आयन सोडून पाण्यातला आयन घेणारे प्लास्टिकसारखे बारीक मणी), झिओलाइट, बेंटोनाइटसारख्या चिकणमाती, शेतातल्या अवशेषांचा जैवकोळसा, आणि कायटोसान, असे अनेक पदार्थ त्यांना धरतात. कायटोसानवरचे अमिनो गट तांब्याला आणि पाऱ्याला विशेष घट्ट पकडतात. पाण्याचा सामू खाली गेला की बहुतेक धातू पुन्हा सुटतात. क्रोमियम या यादीत बसत नाही: त्याचं विषारी षट्संयुजी रूप ऋणभारित असतं, त्यामुळे शिशासाठी निवडलेला पदार्थ त्याला धरेलच असं नाही.

झिओलाइट हे नाव इतकं का ऐकू येतं?

झिओलाइट ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनची स्फटिकी जाळी असते. तिच्या पोकळ्यांचा आकार ठरलेला असतो, म्हणून ती निवड करते. क्लिनोप्टिलोलाइट हे नैसर्गिक झिओलाइट अमोनियम आणि सीझियम यांना पसंती देतं. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या १९७९ च्या अपघातानंतर आणि जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातल्या २०११ च्या दुर्घटनेनंतर पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम काढायला झिओलाइट वापरलं गेलं. फुकुशिमात समुद्राचं पाणी मिसळल्यामुळे सोडियमची स्पर्धा होती, आणि तरीही झिओलाइटने पुष्कळ सीझियम उचललं.

शोधनिबंधात एका पदार्थाची क्षमता ग्रॅमला ५० मिलिग्रॅम आणि दुसऱ्याची १० दिली आहे. पहिला पाचपट चांगला ना?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण या विषयातली सगळ्यात मोठी गल्लत इथे होते.

शोधनिबंधातली ती संख्या बहुधा कमाल क्षमता असते, म्हणजे पृष्ठभाग पूर्ण भरला तर किती मावेल. प्रयोग लिटरला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रदूषक घालून केलेला असतो, कारण तेवढं मोजायला सोपं. प्रत्यक्ष विहिरीत मात्र आर्सेनिकसारखा प्रदूषक लिटरला ०.०५ मिलिग्रॅम असतो. इतक्या विरळ पाण्यात पृष्ठभाग भरतो किती, हे कमाल क्षमतेवर कमी आणि पदार्थाच्या ओढीवर जास्त ठरतं. ही ओढ लँगम्यूरच्या समीकरणातल्या दुसऱ्या स्थिरांकात दडलेली असते आणि तिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही.

एक काल्पनिक हिशेब करू. पहिल्या पदार्थाची कमाल क्षमता ५० आणि ओढीचा स्थिरांक मिलिग्रॅममागे ०.०५ लिटर. दुसऱ्याची क्षमता १० आणि स्थिरांक ५. लिटरला १०० मिलिग्रॅम प्रदूषक असताना पहिला ग्रॅममागे सुमारे ४२ मिलिग्रॅम धरतो, दुसरा जेमतेम १०. आता प्रदूषकाचं प्रमाण ०.०५ मिलिग्रॅमवर आणा. पहिला धरतो ०.१२ मिलिग्रॅम आणि दुसरा २. निबंधात पाचपट मागे असलेला पदार्थ विहिरीवर सोळापट पुढे निघाला.

त्यामुळे क्षमतेचा आकडा दिसला की लगेच काही गोष्टी विचाराव्यात. किती प्रमाणावर मोजला? शुद्ध पाण्यात मोजला की खऱ्या? सामू किती होता? पदार्थ पाण्याच्या मानाने किती घातला होता? मिथिलीन ब्लू या रंगावर केलेले असंख्य प्रयोग वाचायला मिळतात. तो रंग बहुतेक कशालाही चिकटतो आणि डोळ्यांनी मोजता येतो, म्हणून सुरुवातीला सोयीचा आहे. पण त्यावरून तो पदार्थ कारखान्याच्या सांडपाण्यावर चालेल असा निष्कर्ष काढणं वाचकांवर अन्याय आहे.

सामूचा इतका परिणाम का होतो?

प्रत्येक ऑक्साइडच्या पृष्ठभागाचा एक ठराविक सामू असतो, जिथे त्यावरचा एकूण विद्युतभार शून्य होतो. पाणी त्याहून आम्लधर्मी असेल तर पृष्ठभाग धनभारित होतो आणि आर्सेनेट, फ्लोराइड, फॉस्फेट यांना बोलावतो. त्याहून अल्कधर्मी असेल तर ऋणभारित होऊन धातूंच्या आयनांना जवळ करतो. त्यातच प्रदूषकाचं रूपही सामूनुसार बदलतं. एकाच पदार्थाबद्दल दोन गटांनी उलटसुलट निष्कर्ष काढलेले दिसले, तर आधी सामू तपासावा; बहुतेक वेळा भांडण तिथेच मिटतं.

पाण्यातले इतर घटक खरंच एवढा त्रास देतात?

देतात. नदीच्या पाण्यात पालापाचोळा कुजून आलेला सेंद्रिय अंश लिटरला काही मिलिग्रॅम असतो आणि कीटकनाशक मायक्रोग्रॅममध्ये. म्हणजे कार्बनवरच्या जागेसाठी एकाला हजार प्रतिस्पर्धी. मोठे रेणू छिद्रांच्या तोंडाशी अडकून आतली जागा बंदही करतात.

रेझिनमध्ये तर याहून गंभीर प्रकार घडतो. नायट्रेट काढणाऱ्या नेहमीच्या रेझिनला सल्फेट अधिक प्रिय असतं. रेझिन भरत आलं की येणारं सल्फेट आधी बसलेल्या नायट्रेटला ढकलून बाहेर काढतं, आणि काही काळ बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रेट आत येणाऱ्या पाण्यापेक्षाही जास्त असतं. लहान बाळांना ते घातक ठरू शकतं. वेळेवर पुनर्भरण न करणाऱ्या यंत्रणेत हा धोका खरा आहे.

भुकटी घ्यावी की दाणेदार?

दाण्याच्या आत प्रदूषकाला छिद्रांतून सरपटत जावं लागतं. दाण्याचा व्यास निम्मा केला तर त्याला लागणारा वेळ साधारण चौथाईवर येतो. म्हणून भुकटी झपाट्याने काम करते, पण नंतर ती पाण्यातून वेगळी करावी लागते आणि परत वापरता येत नाही. वर्षातले काही आठवडे वास येत असेल किंवा अचानक काही सांडलं असेल तर भुकटी सोयीची. प्रदूषक बारमाही असेल तर दाणेदार माध्यमाचा स्थिर थर हवा.

पाणी माध्यमाजवळ किती वेळ राहायला हवं?

माध्यमाच्या थराचं आकारमान भागिले मिनिटाला वाहणारं पाणी, एवढाच हिशेब आहे. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात दाणेदार कार्बनसाठी हा वेळ साधारण १० ते २० मिनिटं ठेवतात. आता नळाला लावलेला छोटा फिल्टर घ्या: अर्धा लिटर माध्यम, मिनिटाला दोन लिटर पाणी, म्हणजे पंधरा सेकंद. क्लोरीनची चव काढायला तेवढं पुरतं. कठीण प्रदूषकांसाठी पुरेलच असं नाही. नळ बारीक सोडला तर तोच फिल्टर जास्त चांगलं काम करतो, आणि हा उपाय फुकट आहे.

फिल्टर संपला हे कसं ओळखायचं? चव बदलेल का? टीडीएस मीटर सांगेल का?

चवीवर विसंबू नका. क्लोरीनची चव परत आली तर कार्बन थकल्याचा तो उशिरा मिळालेला इशारा असतो, आणि चव न येणारे प्रदूषक त्याच्या कितीतरी आधी सुटलेले असू शकतात.

टीडीएस मीटर तर इथे दिशाभूलच करतो. तो पाण्याची वीजवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. क्षार शेकडो मिलिग्रॅममध्ये असताना ५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आलं काय किंवा गेलं काय, मीटरवरचा आकडा हलत नाही. कीटकनाशकं तर त्याला दिसतच नाहीत.

योग्य पद्धत म्हणजे दोन थर एकामागे एक लावणं आणि मधल्या नळातून नमुना तपासणं. पहिल्या थरातून प्रदूषक सुटू लागला की तो बदलायचा, दुसरा पुढे आणायचा आणि नवा शेवटी लावायचा. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या डायलिसिससाठी लागणाऱ्या पाण्यात हेच करतात. क्लोरामाइन (नळाच्या पाण्यात जंतूंसाठी वापरलं जाणारं क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) रक्तात गेलं तर लाल पेशी फुटतात, म्हणून कार्बनच्या दोन टाक्या ओळीने असतात आणि त्यांच्यामधलं पाणी नियमित तपासलं जातं. घरगुती फिल्टरमध्ये मधला नळ नसतो. तिथे सांगितलेल्या लिटरांच्या आत माध्यम बदलणं आणि पाण्यात धोकादायक काही असल्याचं माहीत असेल तर प्रयोगशाळेतून तपासणी करून घेणं, हाच मार्ग उरतो.

धरलेला प्रदूषक परत पाण्यात येऊ शकतो?

येऊ शकतो. आत येणाऱ्या पाण्यातलं प्रमाण कमी झालं की तोल उलटा होतो आणि पृष्ठभागावरचे रेणू उतरू लागतात. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात एल्क नदीत कोळसा धुण्याचं एक रसायन सांडलं आणि सुमारे ३ लाख लोकांचं पाणी बंद करावं लागलं. नदी वाहून स्वच्छ झाली तरी शुद्धीकरण केंद्रातल्या कार्बनमध्ये ते रसायन बसलेलं होतं, आणि पुढच्या काही महिन्यांत तो कार्बन बदलावा लागला.

जंतूंचं काय?

अधिशोषक हे निर्जंतुकीकरण नाही. उलट कार्बनवर क्लोरीन उरत नाही आणि अन्न साठलेलं असतं, त्यामुळे जीवाणू तिथे वाढतात. चांदी घातलेला कार्बन ही वाढ रोखायला मदत करतो. दूषित पाणी त्याने पिण्याजोगं होत नाही. बरेच दिवस बंद असलेल्या फिल्टरचं सुरुवातीचं पाणी सोडून द्यावं, आणि जंतूंसाठी उकळणं, क्लोरीन किंवा अतिनील किरण असा वेगळा उपाय ठेवावा. उकळल्याने आर्सेनिक किंवा फ्लोराइड मात्र जात नाही. पाणी आटल्यामुळे ते थोडं वाढतंच.

चुलीतला किंवा शेगडीचा कोळसा कुटून घरी वापरला तर?

पिण्याच्या पाण्यासाठी नको. त्यात राख आणि अर्धवट जळालेले घातक सेंद्रिय पदार्थ असू शकतात, आणि वाफेने उघडलेली छिद्रं नसल्यामुळे क्षमताही तुटपुंजी असते.

भाताचं तूस, सालपटं, भुसा यांपासूनचे स्वस्त अधिशोषक खरंच चालतात का?

काही चालतात, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आस्था आहे. जैवकोळसा ३०० ते ७०० अंशांना तयार होतो, यंत्रणा साधी असते आणि काही धातूंवर तो चांगला चालतो. पण "कचरा फुकट आहे" इथे हिशेब संपत नाही. तो गोळा करणं, वाळवणं, तापवणं, आम्ल वापरलं असेल तर ते धुऊन काढणं, आणि दर खेपेला सारखाच माल निघेल याची खात्री देणं, यात खर्च आहे. कच्ची सालपटं थेट पाण्यात घातली तर स्वतःचा रंग आणि सेंद्रिय अंश पाण्यात सोडतात. क्षमता कमी असेल तर शेवटी विल्हेवाट लावायचा ढीगही मोठा होतो. स्वस्त पदार्थ निवडताना किलोची किंमत पाहू नये, हजार लिटर पाण्यामागचा एकूण खर्च पाहावा.

धातू-सेंद्रिय चौकटी, ग्राफीन ऑक्साइड वगैरे नव्या पदार्थांनी सगळं बदलणार आहे का?

धातू-सेंद्रिय चौकटी (एमओएफ) म्हणजे धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून बनवलेली पोकळ जाळी. त्यांच्या कामासाठी सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते काम खरोखर सुंदर आहे. पोकळीचा आकार आणि तिच्या भिंतींचं रसायन हवं तसं घडवता येतं. काही चौकटींचा पृष्ठभाग ग्रॅममागे ७,००० चौरस मीटरच्या पुढे जातो. पाण्यासाठी अट एकच: चौकट पाण्यात टिकली पाहिजे. सुरुवातीच्या गाजलेल्या एमओएफ-५ ची घडी दमट हवेतही विसकटते. झिर्कोनियमवर बांधलेली यूआयओ-६६ त्या मानाने भक्कम आहे. शिवाय हे पदार्थ भुकटीच्या रूपात असतात. त्यांचे मजबूत दाणे करणं, धातू पाण्यात सुटत नाही हे दाखवणं, आणि मोठ्या प्रमाणावर बनवणं, ही कामं पुढे आहेत. एखादा दुर्मीळ किंवा फार घातक प्रदूषक निवडून काढायला ते आधी उपयोगी पडतील असं मला वाटतं. शहराच्या पाण्यासाठी कार्बनची जागा घ्यायला वेळ आहे.

पीएफएएस म्हणजे 'न संपणारी रसायनं' अधिशोषणाने जातात का?

ही कार्बनच्या साखळीला फ्लोरिन जोडलेली मानवनिर्मित रसायनं आहेत. त्यांतली लांब साखळीची जातात, कार्बनवर आणि त्याहून वेगाने ऋणायन-विनिमय रेझिनवर. आखूड साखळीची मात्र कार्बनमधून लवकर सुटतात. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या लांब साखळीच्या दोघांसाठी लिटरला ४ नॅनोग्रॅम अशी मर्यादा घातली. इतक्या खालच्या पातळीवर क्षमता टिकवणं म्हणजे वर केलेल्या हिशेबाची सगळ्यात कडक परीक्षा आहे. आणि कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका मजबूत आहे की धरलेलं रसायन पुढे नष्ट करणं हेच मोठं काम होऊन बसतं.

वापरून झालेल्या माध्यमाचं काय करायचं?

हा प्रश्न बहुतेक प्रकल्पांत शेवटी विचारला जातो. तो पहिला असायला हवा. आर्सेनिकने भरलेलं लोहाचं माध्यम विहिरीशेजारच्या खड्ड्यात टाकलं तर पहिल्या पावसात काही होणार नाही. पण कचऱ्याखाली प्राणवायू संपला की लोह विरघळण्याजोग्या रूपात जातं आणि त्याच्या अंगावरचं आर्सेनिक सुटतं. जमिनीखाली आर्सेनिक मुळात पाण्यात आलं ते बऱ्याच ठिकाणी याच रस्त्याने. म्हणजे आपण तेच चक्र पुन्हा फिरवू. माध्यमातून प्रदूषक सुटतो का हे पाहणाऱ्या नेहमीच्या झिरप-चाचण्यांतली परिस्थिती अशी प्राणवायूविरहित नसते, त्यामुळे चाचणी पास झालेलं माध्यमही निर्धास्तपणे टाकू नये. सिमेंटमध्ये बांधून बंदिस्त करणं किंवा घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी पाठवणं हे मार्ग आहेत, आणि त्यांचा खर्च पहिल्या दिवसाच्या अंदाजपत्रकात हवा.

सेंद्रिय प्रदूषकांनी भरलेला दाणेदार कार्बन भट्टीत ८०० अंशांच्या वर तापवून पुन्हा जिवंत करतात. दर फेरीत साधारण ५ ते १५ टक्के कार्बन जळून किंवा झिजून जातो, तेवढा नवा घालतात. हे मोठ्या केंद्राला परवडतं, घरगुती कार्ट्रिजला नाही. फक्त क्लोरीन आणि वास काढलेलं कार्ट्रिज साध्या कचऱ्यात गेलं तर फार बिघडत नाही. आर्सेनिक काढलेलं मात्र कधीही बागेत, शेणखतात किंवा मुलांच्या हाती जाऊ देऊ नये.

एखाद्या गावासाठी किंवा कारखान्यासाठी माध्यम निवडायचं आहे. सुरुवात कुठून करू?

पाण्याच्या संपूर्ण तपासणीपासून. नुसता प्रदूषक मोजू नका. सामू, फॉस्फेट, सिलिका, सल्फेट, बायकार्बोनेट, लोह आणि सेंद्रिय अंशही मोजा, आणि पावसाळ्यात व उन्हाळ्यात दोन्ही वेळा मोजा. मग माध्यमाने भरलेला एक लहान कॉलम (उभी नळी) त्याच पाण्यावर चालवा आणि प्रदूषक बाहेर कधी येऊ लागतो ते पाहा. शुद्ध पाण्यात प्रदूषक घालून केलेली चाचणी याची जागा घेऊ शकत नाही. प्रदूषकाचं प्रमाण लिटरला शेकडो मिलिग्रॅम असेल तर अधिशोषण हा पहिला टप्पा ठेवूच नका. चुना किंवा दुसऱ्या रसायनाने बराचसा भाग खाली बसवा आणि उरलेला शेवटचा अंश माध्यमावर सोपवा. हे सगळं ठरलं की गाळणी कोण बदलणार, नमुना कोण घेणार आणि भरलेलं माध्यम कोण उचलून नेणार, त्यांची नावं कागदावर लिहून घ्या. नाव लिहिता येत नसेल तर माध्यमाची मागणी नोंदवायची घाई करू नका.